चिनी शेजाऱ्यांसाठी कार्यशाळा घेताय? आधी विचारा, कुठली चिनी

तुम्ही लिहिलंय की सॅन फ्रान्सिस्कोत चिनी स्थलांतरितांसाठी सामाजिक प्रश्नांवर कार्यशाळा घ्यायच्या आहेत, इंग्रजी साहित्य तयार आहे, ते भाषांतर करून घेतलं की झालं ना? नाही हो, तेवढ्यानं भागत नाही. मी इथे बारा वर्षं अशा कार्यशाळांमध्ये स्वयंसेवक म्हणून काम करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी कुठली चिनी ते विचारा. चायनाटाउनमधली जुनी पिढी तोइसान किंवा कँटोनीज बोलते, नवे आलेले बरेचसे मँडरिन. न्यूयॉर्कला गेलात तर फुचाऊची बोली बोलणारे हजारो भेटतील. बोलणं एकमेकांना कळत नाही. लिपीही दोन तऱ्हेची, हाँगकाँग-तैवानवाल्यांची पारंपरिक आणि मुख्य भूमीवरच्यांची सोपी केलेली. पत्रक एकाच लिपीत काढलंत, तर अर्धे लोक ते आपल्यासाठी नाही असं समजून बाजूला ठेवतील.

आता एक प्रसंग सांगते. 2019 मध्ये 'पब्लिक चार्ज'चा कडक नियम जाहीर झाला. सरकारी मदतीवर अवलंबून राहाल असं वाटलं तर ग्रीन कार्ड नाकारता येतं, तो नियम. चिनीत त्याचं भाषांतर होतं 'सार्वजनिक ओझं'. आमच्या तोइसानमधल्या सत्रात सत्तरीच्या एक आजी आल्या होत्या, भाजीची गुलाबी पिशवी मांडीवर घट्ट धरून. वीचॅट या चिनी मेसेजिंग अ‍ॅपवर काहीबाही वाचून त्यांच्या मुलीनं नातवाचे फूड स्टॅम्प, म्हणजे अन्नासाठी मिळणारी सरकारी मदत, बंद केले होते. नातू इथेच जन्मलेला, अमेरिकन नागरिक. त्याला मिळणारी मदत आईच्या अर्जात धरलीच जात नव्हती. हे सगळं दोन आठवडे आधी त्या मुलीला छापील कागदावर दिलं होतं, चिनीत भाषांतर करून. तरी तिनं मदत बंद केली. बोलणाऱ्या बाईंनी आजींना त्यांच्याच बोलीत समजावलं. आजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी कुणाचं ओझं?" बाईंनी खडू खाली ठेवला आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या. उरलेला तास म्हातारपण, पैसे आणि मुलांवर भार होण्याची भीती यावरच गेला. ठरवलेला विषय राहिला, पण पुढच्या आठवड्यात त्या आजी मुलीला घेऊन आल्या.

(तो कडक नियम मार्च 2021 मध्ये गेला, पण जुने कागद वस्तीत फिरतच राहिले. प्रत्येक पत्रकावर तारीख टाका.)

घरातल्या मारहाणीवर बोलायचं असेल, तर शीर्षकात ते शब्द नकोत. 'घरची लाज बाहेर नेऊ नये' अशी म्हण त्यांच्याकडेही आहे, आपल्या 'झाकली मूठ सव्वा लाखाची'सारखीच. आम्ही 'मुलांचं आणि घराचं स्वास्थ्य' असं नाव दिलं, मग बायका आल्या. दुभाषा कधीही त्याच इमारतीतला, ओळखीतला घेऊ नका.

वंशभेदावर बोलणं सगळ्यात अवघड. 2016 मध्ये न्यूयॉर्कचा चिनी वंशाचा पोलिस अधिकारी पीटर लियांग दोषी ठरला तेव्हा अनेक शहरांत चिनी लोक त्याच्या बाजूनं रस्त्यावर उतरले. त्यानं झाडलेल्या गोळीनं अकाई गर्ली हा कृष्णवर्णीय तरुण मेला होता. घराघरांत आईवडील एका बाजूला, मुलं दुसऱ्या. त्याच वर्षी उन्हाळ्यात आशियाई वंशाच्या तरुणांनी मिळून, कृष्णवर्णीयांच्या पाठीशी का उभं राहायचं ते सांगणारं, घरच्या वडीलधाऱ्यांना उद्देशून एक पत्र लिहिलं आणि ते अनेक भाषांत नेलं. मला त्यातून एवढं कळलं, की हा विषय व्याख्यात्यानं मांडण्यापेक्षा घरातल्या माणसानं काढावा. म्हणून अशा सत्राला आम्ही आजी आणि नात दोघींना बोलावतो आणि आधी आजींना बोलू देतो, त्या इथे आल्या तेव्हा त्यांना काय सोसावं लागलं ते.

वेळ दुपारी तीन ते पाच ठेवा, रेस्टॉरंटमधल्या कामगारांना दोन जेवणांच्या मधली तेवढीच उसंत असते. आणि तुमचं इंग्रजी साहित्य भाषांतराला देण्याआधी तोइसान बोलणाऱ्या दोन-तीन आजींसमोर कुणाकडून तरी तोंडी सांगून बघा. त्या जिथे अडतील, तिथून लिहायला घ्या.