प्रत्येक फोड म्हणजे नागीण नव्हे

प्रश्न : आईला पेम्फिगस (अंगावर आणि तोंडात फोड येणारा आजार) झाला आहे. भेटायला येणारे सगळे त्याला 'नागीण' म्हणतात. हे बरोबर आहे का? नसेल, तर या आजाराला मराठीत काय म्हणायचं?

बरोबर नाही. अंगावर पाण्याने भरलेले चार फोड दिसले की 'नागीण उठली' म्हणून मोकळं व्हायचं, हे मी इतक्या घरांत ऐकलंय की आता ऐकवत नाही. फोड भाजल्यावर येतात, चप्पल चावल्यावर येतात, कांजिण्यांत येतात. तिथे कुणाला नागीण आठवत नाही, कारण या शब्दाचा जीव फोडात नाही, चालीत आहे.

नाग, नागीण हे साप, ते सगळ्यांना ठाऊक. पण 'सर्प' या शब्दाकडे वळा. संस्कृतात सृप् म्हणजे सरपटणं. साप तिथूनच आला. लॅटिनमध्ये तोच 'सर्पेन्स' आणि त्यावरून इंग्रजीतला 'सर्पंट'. ग्रीकांच्या तोंडी शब्दाच्या सुरुवातीच्या 'स'चा 'ह' होतो : आपलं सप्त त्यांचं हेप्टा, आपलं सम त्यांचं होमो. इराण्यांनी सिंधूचं हिंदू केलं, तसंच. याच नियमाने 'सर्प्'चं झालं 'हर्प्', अर्थ तोच, सरपटणं. आणि त्यातून निघाला हर्पीस! डॉक्टर नागिणीला 'हर्पीस झोस्टर' म्हणतात. झोस्टर म्हणजे कमरपट्टा. कमरेला वेढा घालत सरपटत जाणारं ते काय, हे ग्रीक भाषेने सांगितलं तेच आपल्या आज्यांनी सांगितलं. आपल्याकडे चरकसंहितेतही 'विसर्प' या रोगाचं नाव असंच उलगडलं आहे : नाना प्रकारे सर्पतो म्हणून विसर्प.

साप चावल्यासारखी आग होते म्हणून नागीण, असं काही जण ठासून सांगतात. मला ते अजिबात मान्य नाही. आग विंचवाचीही होते. मग या दुखण्याचं नाव विंचू का पडलं नाही? शिवाय नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो, ही समजूत कुठून आली? नाव ठेवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दंश नव्हता, लांबलचक अंग होतं, म्हणूनच तिला तोंड आहे आणि शेपूट आहे. (समजूत खोटी आहे, हेही सांगून टाकतो. कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं दडून राहतो आणि पुढे कधीतरी त्या एकाच तंतूच्या वाटेने त्वचेवर येतो. ती वाट शरीराच्या मध्यरेषेपाशी संपते, म्हणून फोड एकाच बाजूला दिसतात आणि वेढा पुरा होत नाही.)

'पण डॉक्टरही फोडांच्या दुसऱ्या आजारांना हर्पीस म्हणतात,' असं मला ऐकवलं जातं. म्हणत होते, आणि चुकत होते. गरोदरपणात येणाऱ्या फोडांच्या एका आजाराला मिल्टन या डॉक्टरने 1872 मध्ये 'हर्पीस जेस्टेशनिस' नाव दिलं. हर्पीसच्या विषाणूशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. आता त्याला 'पेम्फिगॉइड जेस्टेशनिस' म्हणतात. फिलाडेल्फियाच्या डॉ. ड्युरिंगने 1884 मध्ये नाव दिलेला 'डर्मटायटिस हर्पेटिफॉर्मिस' मात्र अजून तसाच आहे. त्याचं मूळ गव्हातल्या ग्लूटेनशी असलेल्या वैरात. त्यात सापाचं काहीही नाही. फोड पुंजक्याने येतात एवढ्यावरून हर्पीस आठवला. सरपटणं विसरून त्या शब्दाचा अर्थ नुसता 'फोडांचा पुंजका' झाला होता. आपण नागिणीचं आज तेच करतो आहोत.

पेम्फिगस शब्दात चाल नाही. ग्रीक 'पेम्फिक्स' म्हणजे बुडबुडा. त्वचेच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारी डेस्मोग्लीन नावाची प्रथिनं असतात. 'डेस्मॉस' म्हणजे बंध. रोगापासून आपलं रक्षण करणारी प्रतिपिंडं या बंधांनाच शत्रू समजतात, पेशी सुट्या होतात आणि मध्ये पाणी भरतं. फोड इतके लिबलिबीत असतात की लवकर फुटतात आणि ओली, सोललेली त्वचा उघडी पडते. पुष्कळदा सुरुवात तोंडातल्या न भरणाऱ्या व्रणांनी होते. पेम्फिगॉइड म्हणजे 'पेम्फिगससारखा'. तो बहुधा उतारवयात येतो, त्याचे फोड घट्ट असतात आणि खाज फार. हे दोन आजार वेगळे आहेत, हे लीव्हर या त्वचारोगतज्ज्ञाने 1953 मध्ये दाखवलं.

चुकीच्या नावाची किंमत रुग्ण मोजतो, म्हणून माझा एवढा आग्रह. नागीण म्हटलं की कुणीतरी गेरू लावायला सांगतं, आणि तो सोललेल्या त्वचेवर थापला जातो. नागीण दोन-चार आठवड्यांत बरी होते, म्हणून घरचे वाट पाहत बसतात. पेम्फिगस वाट पाहून जात नाही. 1950 च्या दशकात स्टेरॉइड येण्यापूर्वी बहुतेक रुग्ण काही वर्षांतच दगावत. 1980 च्या दशकात दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पसरिचांनी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोफॉस्फामाइड ठरावीक अंतराने, मोठ्या मात्रेत शिरेतून देण्याची 'पल्स' पद्धत सुरू केली आणि ती देशभर वापरली गेली. आता रिटुक्सिमॅब हे औषध आहे. अमेरिकेत त्याला या आजारासाठी 2018 मध्ये मंजुरी मिळाली. उपचार महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालतात, आणि बरं वाटलं म्हणून स्टेरॉइड मनाने एकदम बंद करणं धोक्याचं असतं.

मराठी शब्दाचं विचारलंत. पेम्फिगसला 'विसर्प' म्हणा असं सुचवणारे सरपटणं पुन्हा मागच्या दाराने आत आणतात. त्यांचं ऐकू नका. आपला साधा 'फोड' उत्तम आहे. तो स्फोटापासून आला, आणि फुटणं हाच या आजाराचा स्वभाव. (आंब्याची फोडही त्याच मुळाची, ती स्त्रीलिंगी, हा पुल्लिंगी.) आजाराचं नाव पेम्फिगसच ठेवा. आणि कुणी विचारलं तर सांगा, 'आईला फोड येतात, तोंडातही येतात, दोन्ही बाजूंना येतात.'