घरात माशाचा वास कुणालाच आवडत नसेल तर मासे कसे करावेत?

सुरुवात बांगडा-तारलीने करू नका, त्यांचा वास उग्रच. पापलेट किंवा मुडदुशी घ्या, तीही ताजी. शिळ्या माशाला कुठलाच मसाला वाचवत नाही. तुकड्यांना मीठ, हळद आणि कोकमाचं आगळ (नसेल तर लिंबू) चोळून पंधरा-वीस मिनिटं ठेवा. वास येतो तो ट्रायमिथाइलअमाइन नावाच्या रसायनामुळे, आणि आंबट त्याला धरून ठेवतं, हवेत उडू देत नाही. सुटलेलं पाणी मात्र फेकून द्या, बरेच जण इथेच चुकतात. मग आलं-लसूण-मिरचीचं वाटण लावून, रवा आणि तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर कुरकुरीत तळा. आमच्याकडे नाक मुरडणारी भाची यावरच माशाला लागली. कालवणाचं नंतर बघू, आणि त्यात तिरफळं (कोकणातला एक सुगंधी मसाला) विसरू नका.