खाणीच्या पाण्यातलं मँगनीज नॅनो-पडद्याने गाळून विकता येईल का?

नाही, भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरकडच्या खाणीत साचलेल्या पाण्यातून मँगनीज नॅनो-पडद्याने, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीने, गाळून विकणं परवडणार नाही. मी पाणी तपासणीचं काम करते, म्हणून हिशेबच सांगते: लिटरला १ मिलिग्रॅम धरलं तरी १००० लिटरमागे हाती येईल जेमतेम १ ग्रॅम, आणि मँगनीज म्हणजे काही सोनं नव्हे. ग्राफीन ऑक्साईड (कार्बनचे अतिशय पातळ पापुद्रे) पॉलिमरमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थात, मिसळून केलेल्या अशा पडद्यांवर संशोधन चालतं ते सोनं, लिथियम अशा महाग धातूंसाठी. गढूळ पाण्यात हे पडदेही तुंबतात. मात्र हेच पाणी पिण्यात असेल आणि माठाच्या तळाशी काळा थर बसत असेल, तर आधी त्यातलं मँगनीज तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात मँगनीजची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, दुसरी सोय नसेल तर ०.३.