फ्लॅट विकून मेलबर्नचा पीआर? काका, आधी तीन वर्षं राहून बघा

काका, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही ६४, काकू ६१, बँकेची पेन्शन महिना ४२ हजार, एफडी आणि सीनियर सिटिझन स्कीम मिळून ८५ लाख, कोथरूडचा टू बीएचके, मुलगा मेलबर्नला, मुलगी बावधनला, आणि मुलगा म्हणतोय की फ्लॅट विका, त्यातून आईवडिलांसाठीचा कायमचा पेरेंट व्हिसा, म्हणजेच पीआर, करून टाकू. सरळ सांगतो, फ्लॅट आत्ता विकू नका.

तो म्हणतोय तो १४३ नंबरचा व्हिसा, त्याला मुख्य अर्जदाराचे साधारण ४८ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर लागतात, जोडीदाराचे थोडे कमी, म्हणजे दोघांचे मिळून ९० हजारांच्या वर, आपले पन्नास लाखांच्या वरच गेले. निम्मी मुलं तिकडे हवीत ही अट तुमची बसते, दोनातला एक तिकडे आहे. पण आज अर्ज केला तर नंबर लागायला बारा वर्षांच्या पुढे जातात हो, आणि फीचा मोठा हप्ता मागतात तो अगदी शेवटी, व्हिसा मिळायच्या जरा आधी. मग आज घर विकून करायचं काय? मुलाला दोष देत नाहीये, आईवडील जवळ असावेत असं वाटतंय त्याला, पण घाई चुकीच्या जागी चाललीय.

तुमच्यासाठी ८७० बघा, टेम्पररी पेरेंट व्हिसा. तीन वर्षांचा माणशी सहा हजार डॉलरच्या आसपास, पाच वर्षांचा त्याच्या दुप्पट, एकूण मिळून जास्तीत जास्त दहा वर्षं. आधी मुलाला स्पॉन्सर म्हणून मंजुरी घ्यावी लागते. तिकडे नोकरी करता येत नाही, सरकारी मेडिकेअर नाही, हेल्थ इन्शुरन्स स्वतःचा काढावा लागतो, आणि यातून पुढे पीआर होत नाही हे आधीच डोक्यात पक्कं ठेवा.

आता टॅक्स, ज्याबद्दल कोणी बोलतच नाही. पीआर झालात आणि तिकडे राहायला लागलात की इथलं एफडीचं व्याज, फ्लॅटचं भाडं, पेन्शन सगळं ऑस्ट्रेलियात दाखवायला लागतं. टेम्पररी व्हिसावर असाल तर तिकडच्या नियमाने बाहेरच्या देशातलं असं उत्पन्न बहुतेक सुटतं. तुमचं सगळं उत्पन्न इथलंच, त्यामुळे तुम्हाला हा फरक दरवर्षी जाणवेल. इथे मात्र कायमचे गेलात की एनआरआय, सेव्हिंग खात्याचं एनआरओ, म्हणजे एनआरआयचं इथल्या उत्पन्नासाठीचं खातं, करा, त्याच्या व्याजावर ३० टक्के टीडीएस वर सेस, सीनियर सिटिझन स्कीममध्ये नवीन पैसे टाकता येत नाहीत. आणि घर कधी विकायचंच झालं तर रेसिडेंट असताना विका, तुमचा फ्लॅट १९९८ चा आहे म्हणून इंडेक्सेशन (खरेदीची किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरणं) लावून नफ्यावर २० टक्के की न लावता १२.५ यात जे कमी पडेल ते धरता येतं, एनआरआयला ती सोय नाही, शिवाय खरेदीदार टीडीएस १ टक्क्याऐवजी १२.५ आणि वर सेस कापतो, मग रिफंडची वाट बघत बसा.

म्हणून मी काय करेन, तर तीन वर्षांचा ८७०, फी मॅच्युअर होणाऱ्या एफडीतून, फ्लॅट लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे अकरा-अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर, मुलगी जवळच आहे तर पॉवर ऑफ ॲटर्नी तिच्या नावे. विकायची पॉवर त्यात देऊ नका, फक्त भाडं आणि सोसायटीची कामं. इथला मेडिक्लेम एक दिवसही लॅप्स होऊ देऊ नका, परत आलात तर या वयात नवीन पॉलिसी मिळवताना नाकी नऊ येतील. तिकडची थंडी, मुलगा-सून दिवसभर ऑफिसला, काकूंचा भजनी मंडळाचा ग्रुप इथेच, हे सगळं राहूनच कळेल, मेलबर्नला महिनाभर फिरून आलात त्यात नाही कळत.

आणि काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन लिहिलंय तुम्ही, ते जायच्या आधी पुण्यातच मेडिक्लेमवर उरकून घ्या, तिकडच्या व्हिजिटर पॉलिसीत आधीच्या आजाराला साधारण वर्षभर वेटिंग असतं.