सांगलीत शाळेजवळच्या टपऱ्या सरकारने का हटवायच्या? तंबाखू खाणं ही ज्याची त्याची जबाबदारी नाही का?

मोठ्या माणसाची जबाबदारी आहेच, पण सातवीतल्या पोराची नाही. तंबाखूतल्या निकोटिनची सवय अनेकांना कळत्या वयाआधीच लागते, म्हणून 2003 च्या तंबाखू नियंत्रण कायद्यात 18 वर्षांखालील मुलांना विक्री आणि शिक्षण संस्थेपासून 100 यार्डांत (सुमारे 91 मीटर) विक्री, दोन्हींना बंदी आहे.

तक्रारी इथेच फसतात. लोक फाटकापासून रस्त्याने अंतर मोजतात. नियमाप्रमाणे ते कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सरळ रेषेत, चहूबाजूंनी मोजायचं. मागच्या गल्लीतली टपरीही त्यात येते. शाळेच्या लेटरहेडवर अंतर, फोटो, तारीख लिहून पोलीस ठाण्यात द्या आणि पोच घ्या. या विक्रीबंदीच्या कलमाखाली दंड जेमतेम 200 रुपयांपर्यंत, तो भरून टपरी पुन्हा उघडते. मुलाला पुडी दिल्याचं दिसलं तर बाल न्याय कायद्याचं कलम 77 लावायला सांगा, त्यात 7 वर्षांपर्यंत कैद आहे.

घरातल्या मिश्रीला मात्र कायदा पोचत नाही. तीही भाजलेली तंबाखूच, दात घासायचं औषध नव्हे. सोडताना पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण जातात: चिडचिड होते, झोप उडते. निकोटिन गम वापरत असाल तर सतत चघळू नका. चव झणझणली की गालात धरून ठेवा, आणि आधी 15 मिनिटं चहा टाळा, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही. मोफत सल्ल्यासाठी क्विटलाइन: 1800-11-2356.