कांद्याच्या पातीवर फवारा का थांबत नाही

साक्रीच्या भाऊंनी विचारलंय की कांद्यावर फवारा मारला की पाण्याचे गोल थेंब होऊन खाली पडतात, पण तेच पाणी घराच्या काचेवर उडालं तर चिकटून बसतं, असं का. भाऊ, चोपड्याकडे मी वीस वर्षं फवारणी करतोय, मलाही हे कोडं पडलं होतं, म्हणून जरा लांबच लिहितो.

पाण्याचा रेणू दुसऱ्या रेणूला फार घट्ट धरतो, अहिराणीत सांगायचं तर पानी पानीले धरस. त्याच्या ऑक्सिजनकडे थोडा ऋण भार आणि हायड्रोजनकडे थोडा धन, म्हणून शेजाऱ्याशेजाऱ्यांची ओढ. थेंबाच्या आतल्या रेणूला सगळीकडून शेजारी आहेत, वरच्या कडेच्याला बाहेरून कोणीच नाही, मग त्याची ओढ आतच राहते आणि पाणी आपलं उघडं अंग जमेल तितकं आकसून घेतं, आणि तेवढ्याच पाण्याचं सगळ्यात कमी उघडं अंग गोळ्यात असतं. हाच पृष्ठताण. 20 डिग्रीला पाण्याचा साधारण 73 मिलिन्यूटन प्रति मीटर (हे पृष्ठताण मोजायचं एकक), स्पिरिटचा 22 च्या आसपास. आपल्या मे महिन्यात पाणी 40 डिग्रीला तापलं तरी 70 च्या जवळच, म्हणून कडक उन्हात फवारलं की चांगलं पसरतं असं कोणी सांगितलं तर ऐकू नका.

आता चिकटणं. काचेच्या पृष्ठभागाला पाण्याशी जुळणारे भार असतात, ती पाण्याला पाण्याइतकीच ओढते, म्हणून ते पसरतं. मेण तसं ओढत नाही. भरिताच्या पार्टीला केळीचं पान घेतलं की ते उलटं करून बघा, मागे पांढरी भुकटी दिसेल, ते मेण. त्यावर एक थेंब टाका, साबुदाण्यासारखा उभा राहतो आणि पान जरा कललं की पळतो. शेजारची भुकटी बोटाने नीट पुसून तिथे दुसरा टाका, तो बसका होतो. पान तेच, पाणी तेच! थेंबाची कड पृष्ठभागाशी पाण्याच्या बाजूने जो कोन करते त्याचा हिशोब थॉमस यंगने 1805 मध्येच मांडला, कोन 90 डिग्रीच्या वर गेला की पाणी तिथे पसरायला बघत नाही. कांद्याची पात मेणाची, वर गोल आणि उभी, मग थेंब थांबणार कसा. आणि फुलकिडे, म्हणजे ज्या बारीक किडींसाठी आपण फवारतो, ते तर पातीच्या बेचक्यात बसलेले असतात, पाणी पसरून आत गेलंच पाहिजे.

म्हणून स्टिकर, म्हणजे फवाऱ्याच्या पाण्यात मिसळायचं, पाणी पसरवून चिकटवणारं द्रव. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं मेणाला, आणि पृष्ठताण निम्म्याखाली येऊ शकतो. घरी बघायचं असेल तर ड्रॉपरने 1 मिली साधं पाणी थेंबाथेंबाने मोजा, साधारण 20 थेंब होतात, मग स्टिकरचं पाणी मोजा, थेंब बारीक पडतात आणि आकडा चांगलाच वाढतो.

स्टिकरऐवजी साबण टाकू नका. मी एका वर्षी साबणाचा चुरा विरघळवला, आमच्या बोरचं पाणी जड, त्यातल्या कॅल्शियमने पांढरा साका धरला आणि नोझल दोनदा चोकअप झालं, अख्खा दिवस गेला. स्टिकरही लेबलच्या वर नको, जास्त झालं की पाण्याचा थर पातळ होऊन टोकावरून ओघळतो, औषध मातीत जातं. आधी एका वाफ्यावर मारून बघा, पात सगळीकडून ओली दिसली आणि टोकाला थेंब लोंबकळला नाही की तेच प्रमाण बाकीच्या रानाला ठेवा.