जुन्या युद्धपटांत इतिहासाची मोडतोड केलेली असते. ती मनाला लावून घ्यावी, की करमणूक म्हणून सोडून द्यावी?

मोडतोड कशाची केली आहे, यावर माझं उत्तर ठरतं. 'द ग्रेट एस्केप'मधला मोटारसायकलवरचा पाठलाग सपशेल काल्पनिक आहे, पण तो मला खटकत नाही. मार्च १९४४ मध्ये सागानच्या जर्मन युद्धकैदी छावणीतून ७६ कैदी भुयारातून निसटले. त्यांतले ७३ पुन्हा पकडले गेले आणि ५० जणांना गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ठार मारलं. या गोष्टी चित्रपट लपवत नाही. उलट तो त्या पन्नास जणांनाच अर्पण केलेला आहे.

'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'चं मात्र तसं नाही. हा चित्रपट मला मनापासून आवडतो, म्हणूनच त्याच्याबद्दल सविस्तर लिहितो. शिट्टीवरची ती धून वाजवत, फाटक्या बुटांनी कवायत करत छावणीत शिरणारे कैदी मी पहिल्यांदा शाळेत असताना पाहिले. कितीतरी वर्षं माझ्या डोक्यात सयाम-बर्मा रेल्वे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी युद्धकैद्यांना आणि मजुरांना राबवून थायलंड ते बर्मा बांधलेली रेल्वे, म्हणजे तेवढंच होतं. पुढे थायलंडमध्ये कांचनाबुरीला जाऊन तो पूल प्रत्यक्ष पाहिला.

तो पूल पोलादी आहे आणि त्यावरून आजही गाडी धावते. कमानदार गाळे मूळचे, जपान्यांनी जावाहून आणलेले. मधले दोन सरळ कडांचे गाळे युद्धानंतर बसवलेले, कारण १९४५ मध्ये विमानांनी बॉम्ब टाकून तो भाग पाडला होता. म्हणजे १९४३ मध्ये पुरा झालेला पूल पुढे जवळजवळ दोन वर्षं वापरात होता. पहिल्याच गाडीसह तो उडवून देणारे कमांडो फक्त पडद्यावर आहेत. ज्या कादंबरीवरून चित्रपट निघाला, तिच्यातही पूल शाबूतच राहतो. गंमत म्हणजे तो क्वाय नदीवरही नव्हता, मे क्लाँगवर होता. चित्रपट पाहून आलेले पर्यटक क्वाय शोधू लागले, तेव्हा १९६० च्या सुमारास नदीच्या त्या भागाचंच नाव बदललं गेलं!

इथपर्यंत मी सगळं माफ करतो. पूल उडवल्याशिवाय तो शेवट इतका थरारक झाला नसता.

कर्नल निकल्सनपाशी मात्र मी अडतो. शत्रूसाठी उत्तम पूल बांधून देण्याच्या ईर्ष्येने पछाडलेला हा ब्रिटिश अधिकारी पात्र म्हणून अफाट आहे आणि अ‍ॅलेक गिनेसने तो तसाच उभा केला आहे. पण तिथल्या तमारकान छावणीत कैद्यांचे ज्येष्ठ अधिकारी होते लेफ्टनंट कर्नल फिलिप टूसी. आपल्या माणसांसाठी बोलायला गेल्याबद्दल त्यांनी मार खाल्ला. त्यांचे लोक लाकडी खांबांत वाळवी सोडायचे, काँक्रीट मुद्दाम कच्चं कालवायचे. बूनपाँग नावाचा थाई व्यापारी जीव धोक्यात घालून छावण्यांना अन्न आणि औषधं चोरून पुरवायचा. हे सगळं सोसून परतलेल्या सैनिकांना थिएटरात आपला कर्नल शत्रूला मदत करताना दिसला, तेव्हा त्यांना संताप आला. मला तो अगदी रास्त वाटतो. नावं बदलली म्हणून काय झालं? ठिकाण तेच, रेल्वे तीच, मग लोक पात्राला खराच माणूस समजणार. जपानी इंजिनिअरांना पूल बांधता येत नव्हता, हेही चित्रपटाने पसरवलेलं खोटं. ते आपल्या कामात चांगले तयार होते.

पण सर्वांत मोठा अन्याय, जे पडद्यावर आलेच नाहीत त्यांच्यावर झाला. ४१५ किलोमीटरच्या या रेल्वेवर सुमारे ६० हजार युद्धकैदी राबले आणि १२ हजारांहून अधिक मेले. त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त होते आशियाई मजूर: बर्मी, मलय, जावानीज आणि मलायातल्या रबराच्या मळ्यांवरून आणलेले तमिळ. चांगल्या मजुरीचं आमिष दाखवून किंवा सरळ पकडून त्यांना नेलं गेलं, काहींबरोबर बायकापोरंही होती. कैद्यांकडे निदान स्वतःचे डॉक्टर होते, शिस्त होती, पाणी उकळूनच प्या असं बजावणारे अधिकारी होते. या मजुरांकडे यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे १९४३ च्या पावसाळ्यात कॉलरा आला तेव्हा त्यांच्या वस्त्याच्या वस्त्या ओस पडल्या. किती मेले याची नोंद कुणी नीट ठेवली नाही. काही अंदाज ९० हजारांपर्यंत जातात.

कांचनाबुरीच्या युद्धस्मशानात जवळपास ७ हजार कैद्यांच्या थडग्यांच्या ओळी आहेत. बहुतेकांवर नाव, वय, पलटण कोरलेली. मी तासभर वाचत फिरलो. त्या ओळींमध्ये मळ्यावरचा एकही तमिळ मजूर नव्हता.

तुम्ही हा चित्रपट अजून पाहिला नसेल तर जरूर पाहा, मोठ्या पडद्यावर मिळाला तर उत्तमच. पण ते कवायत करत येणारे सैनिक दिसतील, तेव्हा त्यांच्या मागून अनवाणी चालत आलेल्या त्या कुटुंबांचीही आठवण ठेवा.